दोन-तीन डेटाबेस आणि एक जावा अ‍ॅप: वाचकांचे प्रश्न

यावेळचे प्रश्न सगळे नागपूरचे आहेत आणि बघायला वेगवेगळे वाटले तरी दुखणं एकच आहे. अ‍ॅप सुरू झालं तेव्हा डेटाबेस एक होता, नंतर दुसरा आला, मग तिसरा, आणि कोड मात्र अजून एकच डेटाबेस असल्यासारखा लिहिलेला. माझं म्हणणं सरळ आहे, प्रत्येक डेटाबेसला स्वतःचा पूल (आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा) असतो, स्वतःचं ट्रान्झॅक्शन (सगळं होईल नाहीतर काहीच नाही असं एकत्र बांधलेलं काम) असतं, आणि तो बंद पडायचा तेव्हा एकटा बंद पडतो, हे तिन्ही कोडमध्ये उघड दिसलं पाहिजे. लपवलं की मग खालच्यासारखी पत्रं येतात.

प्रश्न: नमस्कार भाऊ, आमचं वाडीत गोदामांच्या स्टॉकचं सॉफ्टवेअर आहे, ट्रान्सपोर्टवाले वापरतात, स्प्रिंग बूट ३ वर आहे अन् डेटा मायएसक्यूएलमध्ये. आता मालक म्हणतात जुन्या ओरॅकलमधली बिलं पण याच स्क्रीनवर दिसली पाहिजेत. दुसरा डेटासोर्स (डेटाबेसशी जोडणी देणारा भाग) टाकला तर अ‍ॅप सुरूच नाही होऊन राहिलं, 'जेडीबीसीयूआरएल इज रिक्वायर्ड विथ ड्रायव्हरक्लासनेम' असा एरर येते, यूआरएल तर प्रॉपर्टीज फाइलमध्ये दिलेलाच आहे. कसंतरी सुरू केलं तर बिलांची रिपॉझिटरी मायएसक्यूएलमध्येच टेबल शोधून राहिली. काऊन असं होते? (वाडीहून एक डेव्हलपर)

उत्तर: भाऊ, पहिला एरर फार जणांना येतो. डेटाबेस एकच असतो तेव्हा स्प्रिंग बूट तुमच्या फाइलमधला 'यूआरएल' वाचतं आणि पूलला ज्या नावाने हवा त्या नावाने देऊन टाकतं, हे मधलं काम डेटासोर्सप्रॉपर्टीज नावाचा क्लास करतो. तुम्ही स्वतः डेटासोर्सबिल्डरने बीन (स्प्रिंग सांभाळतं ते ऑब्जेक्ट) बनवला आणि त्यावर थेट कॉन्फिगरेशनप्रॉपर्टीज लावलं की हा मधला माणूस निघून जातो, किंमती सरळ हिकारीच्या, म्हणजे बूट वापरतं त्या पूल लायब्ररीच्या, ऑब्जेक्टवर जाऊन बसतात, आणि हिकारीकडे त्या फील्डचं नाव 'यूआरएल' नाहीच, 'जेडीबीसीयूआरएल' आहे. मग एकतर फाइलमध्ये 'जेडीबीसी-यूआरएल' लिहा, नाहीतर दुसऱ्या डेटाबेससाठीही डेटासोर्सप्रॉपर्टीजचाच बीन करून त्याच्यातून डेटासोर्स बनवा. मी दुसरा मार्ग घेतो, कारण मग दोन्ही डेटाबेसच्या ओळी फाइलमध्ये एकसारख्या दिसतात आणि उद्या येणाऱ्या नवीन पोराला कोडं पडत नाही.

आता दुसरी गोष्ट. तुम्ही स्वतःचा एक जरी डेटासोर्स बीन लिहिला की बूटचं आपोआप होणारं काम माघार घेतं, म्हणजे मायएसक्यूएलवालाही आता तुम्हालाच लिहावा लागतो आणि त्यातल्या एकावर प्रायमरी (नाव न घेता मागितलं तर हाच द्या अशी खूण) लावावं लागतं. बूट ३.४ पासून अजून एक सोय आहे, दुसऱ्या बीनवर 'डीफॉल्टकँडिडेट' फॉल्स करायचं, मग तो कोणी नाव घेऊन मागितल्याशिवाय कुठे घुसत नाही आणि पहिल्याचं ऑटो कॉन्फिगरेशनही शाबूत राहतं. मला ही पद्धत जास्त आवडते. प्रायमरी लावलं की जिथे क्वालिफायर, म्हणजे कोणता बीन हवा त्याचं नाव, लिहायचं राहून गेलं तिथे गुपचूप पहिला डेटाबेस मिळतो, आणि तुमची बिलांची रिपॉझिटरी मायएसक्यूएलमध्ये टेबल शोधते ती याच कारणाने. रिपॉझिटरींची पॅकेजेस वेगळी करा, आणि प्रत्येक पॅकेजसाठी वेगळं एनेबलजेपीएरिपॉझिटरीज लावून त्यात एंटिटी मॅनेजर फॅक्टरी आणि ट्रान्झॅक्शन मॅनेजर दोन्हींची नावं स्पष्ट द्या.

पण खरं सांगू का, तुमच्या कामाला एवढं लागतच नाही. तुम्हाला ओरॅकलमधून बिलं फक्त दाखवायची आहेत ना, मग तिथे जेपीए (टेबलातल्या ओळी जावा ऑब्जेक्टसारख्या वापरायची पद्धत) कशाला, चार क्वेऱ्या जेडीबीसीटेम्प्लेटने लिहा, किंवा स्प्रिंग ६.१ पासून आलेलं जेडीबीसीक्लायंट घ्या. एंटिटी नाही, दुसरी फॅक्टरी नाही, अर्धी डोकेदुखी गेली. आणि ओरॅकलमध्ये फक्त वाचायची परवानगी असलेला वेगळा युजर मागून घ्या, हे मात्र विसरू नका, कारण कोणीतरी डीडीएल-ऑटो (टेबलांची रचना आपोआप बदलणारी सेटिंग) 'अपडेट' ठेवून अ‍ॅप सुरू केलं आणि हायबरनेट या जेपीएच्या लायब्ररीने बिलिंगच्या टेबलांत स्वतःच्या मनाने कॉलम टाकले तर ते निस्तरायला तुमची रात्र जाईल.

प्रश्न: सर, कळमना मार्केटमधल्या एका अडत्याचं सॉफ्टवेअर आम्ही पाहतो. संत्र्याच्या हंगामात गाड्यांची रांग लागून राहते, हर्रास झाला की लॉटची नोंद पोस्टग्रेसमध्ये होते अन् शेतकऱ्याच्या खात्यातली रक्कम मायएसक्यूएलमध्ये जमा होते, खात्यांचं सॉफ्टवेअर जुनं आहे म्हणून ते वेगळं. दोन्ही काम एकाच मेथडमध्ये आहे आणि वर ट्रान्झॅक्शनल लावलेलं आहे. मागच्या आठवड्यात मधात एक्सेप्शन आलं, लॉट रोलबॅक झाला पण खात्यातली रक्कम तशीच जमा राहिली. ट्रान्झॅक्शनल लावून पण असं कसं? एक्सए (दोन्ही डेटाबेसचं मिळून एकच ट्रान्झॅक्शन) करावं लागेल का? (कळमन्याहून दोघे मित्र)

उत्तर: या अंकातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ट्रान्झॅक्शनल हे अ‍ॅनोटेशन एका वेळी एकाच ट्रान्झॅक्शन मॅनेजरला ओळखतं. नाव दिलं नसेल तर प्रायमरी असेल त्याला, तुमच्याकडे तो पोस्टग्रेसचा आहे असं दिसतं. म्हणजे मेथड सुरू झाली तेव्हा पोस्टग्रेसवर ट्रान्झॅक्शन उघडलं आणि मायएसक्यूएलला त्याचा पत्ताही नाही. जेडीबीसीटेम्प्लेट वापरत असाल तर ती इन्सर्ट ऑटो-कमिटने तिथल्या तिथे पक्की झाली, आणि जेपीए रिपॉझिटरी असेल तर सेव्ह स्वतःचं छोटं ट्रान्झॅक्शन उघडून, कमिट करून मोकळं झालं. पुढे एक्सेप्शन आलं तेव्हा परत फिरवायला हातात फक्त पोस्टग्रेसचं काम होतं. स्प्रिंगने काही चुकीचं केलेलं नाही, त्याला जेवढं सांगितलं तेवढं त्याने केलं.

काही जण मग दोन मॅनेजर एकात एक घालतात, बाहेरचं एक ट्रान्झॅक्शन आणि आतलं दुसरं. याने एक्सेप्शनच्या बऱ्याच केसेस सुटतात हे खरं, पण शेवटी कमिट दोन आहेत आणि ती एकामागून एक होतात, पहिलं झालं आणि दुसऱ्याच्या आधी लाइट गेली, नेटवर्क तुटलं, सर्व्हर रिस्टार्ट झाला, तर परत तेच. स्प्रिंग डेटामध्ये यासाठी चेन्डट्रान्झॅक्शनमॅनेजर नावाचा क्लास होता, तो २.५ मध्ये डेप्रिकेट केला, कारण लोक त्याला खरी हमी समजून बसत होते.

खरी हमी एक्सए देतं. दोन टप्प्यांचं कमिट ही कल्पना जुनी आहे, जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये ती सविस्तर मांडली होती, आणि एक्स/ओपनचं एक्सए स्पेसिफिकेशन १९९१ चं. समन्वय करणारा आधी प्रत्येक डेटाबेसला विचारतो की तयार आहेस का, तयार म्हणजे आता मी सांगेन तेव्हा कमिट करायलाच पाहिजे, मागे फिरता येणार नाही, आणि सगळे तयार म्हणाले तरच दुसऱ्या टप्प्यात कमिटचा हुकूम जातो. जावामध्ये हे जेटीए या एपीआयमार्फत होतं, वाइल्डफ्लाय या सर्व्हरमध्ये नारायाना ही समन्वयाची लायब्ररी सोबतच येते, स्प्रिंग बूटमध्ये अ‍ॅटोमिकॉससारखी लायब्ररी जोडता येते, आणि दोन्ही डेटाबेसचे डेटासोर्स एक्सएचे घ्यावे लागतात.

पण तुमच्या जागी मी एक्सए घेणार नाही, आणि कारणं सांगतो. पोस्टग्रेसमध्ये मॅक्स-प्रिपेअर्ड-ट्रान्झॅक्शन्स ही सेटिंग मुळात ० असते, म्हणजे ती वाढवून सर्व्हर रिस्टार्ट केल्याशिवाय पहिला टप्पाच होत नाही. बरं ते केलं, तरी समन्वयक मधात मेला तर दोन्हीकडे तयार म्हणून थांबलेलं काम तसंच लटकतं आणि त्याचे लॉक पण धरून ठेवतं, ते तो परत उठून स्वतःचा लॉग वाचून निकाल देईपर्यंत सुटत नाहीत. हा लॉग डिस्कवर असतो. अ‍ॅप कंटेनरमध्ये चालत असेल आणि कंटेनरसोबत ती डिस्कही पुसली जात असेल तर निकाल द्यायला कोणी उरतच नाही, मग माणसाने हाताने बसून ठरवायचं कोणतं कमिट करायचं अन् कोणतं नाही. हंगामात, बाहेर गाड्या उभ्या असताना, हे कोण करणार?

म्हणून आधी हे विचारा की खात्यांचं ते टेबल पोस्टग्रेसमध्येच वेगळ्या स्कीमात आणता येईल का. आलं तर सगळा प्रश्नच संपला, एक कनेक्शन, एक ट्रान्झॅक्शन, एक कमिट. लोक या पर्यायाकडे बघतच नाहीत, दोन डेटाबेस आहेत म्हणजे ते तसेच राहणार असं धरून चालतात. मालकाशी बोलून पाहा.

नसेल जमत, तर आउटबॉक्स करा. लॉटची नोंद पोस्टग्रेसमध्ये करताना त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये अजून एका टेबलात एक ओळ लिहा की अमुक लॉटची अमुक रक्कम अमुक खात्यात जमा करायची आहे. दोन्ही ओळी एकाच डेटाबेसमध्ये असल्याने एकतर दोन्ही होतील नाहीतर एकही नाही. मग एक वेगळा वर्कर दर एक-दोन सेकंदांनी बाकी असलेल्या ओळी उचलतो, मायएसक्यूएलमध्ये रक्कम जमा करतो आणि ओळीवर झालं म्हणून खूण करतो. वर्कर एकापेक्षा जास्त असतील तर 'फॉर अपडेट स्किप लॉक्ड' वापरा, पोस्टग्रेसमध्ये ते ९.५ पासून आहे, त्याने दोघं एकच ओळ उचलत नाहीत. आता रक्कम जमा झाली पण खूण करायच्या आधीच वर्कर बंद पडला तर तो उठून परत तीच रक्कम जमा करायला जाईल, म्हणून मायएसक्यूएलच्या जमा टेबलात लॉट नंबरवर युनिक की हवीच हवी, दुसऱ्यांदा इन्सर्ट आली की डुप्लिकेट म्हणून अडेल आणि वर्करने ते 'आधीच झालं आहे' असं समजून पुढे जायचं. ही की नसेल तर बाकी काही करू नका, ती आधी लावा. आणि खात्याची शिल्लक वेगळ्या टेबलात ठेवली असेल तर ती वाढवायचं काम याच जमा इन्सर्टच्या ट्रान्झॅक्शनमध्ये असू द्या, म्हणजे इन्सर्ट अडली तर शिल्लकही वाढणार नाही.

याची किंमत इतकीच की खात्यात रक्कम काही सेकंद उशिरा दिसते. शेतकऱ्याला हिशेबपट्टी छापून देता ती पोस्टग्रेसवरून छापा, तिथे सगळं त्याच क्षणी पक्कं असतं. तो माणूस ती पट्टी खिशात घालून काटोलला नाहीतर वरुडला घरी जातो, तिच्यावरचा आकडा आणि खात्यातला आकडा रात्री जुळलाच पाहिजे, म्हणून रोज रात्री दोन्हीकडची बेरीज लावून फरक दाखवणारी एक क्वेरी चालवा. आणि मागच्या आठवड्यातलं राहिलेलं आजच करा, खात्यात जमा आहे पण लॉट नाही अशा सगळ्या नोंदी काढा, ती एकच नोंद असेल असं धरू नका.

प्रश्न: दादा, आयटी पार्कमधल्या एका कंपनीत आहे, नाव नाही सांगत. तीन सर्व्हिसेस आहेत, प्रत्येकीचे चार इन्स्टन्स (चालू प्रती), सगळ्या एकाच पोस्टग्रेसला जातात. लोड वाढला की रिक्वेस्ट अडकायच्या म्हणून लीडने पूल ५० केला. आता 'सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी' येऊन राहिलं. अजून वाढवू का? जावा २१ वर व्हर्च्युअल थ्रेड (हजारोंनी चालवता येणारे हलके थ्रेड) पण सुरू केलेत. (परसोडी)

उत्तर: वाढवू नको, कमी कर. गुणाकार करून बघ, ३ सर्व्हिस, ४ इन्स्टन्स, ५० कनेक्शन, झाले ६००. पोस्टग्रेसची मॅक्स-कनेक्शन्स डीफॉल्ट १०० असते, त्यातली ३ सुपरयुजरसाठी राखीव, म्हणजे तुमच्या वाट्याला ९७. आणि हिकारीमध्ये मिनिमम आयडल वेगळी दिली नाही तर ती मॅक्झिममएवढीच असते, म्हणजे काम असो नसो, प्रत्येक पूल ५० उघडूनच बसणार. डिप्लॉयमेंटच्या वेळी जुने आणि नवे इन्स्टन्स थोडा वेळ सोबत चालतात तेव्हा आकडा अजून चढतो, तुमचा एरर बहुतेक तेव्हाच जास्त येत असेल.

पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन म्हणजे सर्व्हरवर एक वेगळा प्रोसेस. आठ कोरच्या मशीनवर सहाशे प्रोसेस एकदम पळवले तर कामापेक्षा अदलाबदलीतच वेळ जातो. हिकारीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये पोस्टग्रेसवाल्यांचं एक सूत्र दिलेलं आहे, कोरच्या दुप्पट अधिक डिस्क, म्हणजे आठ कोर आणि एक डिस्क असेल तर १७. हे सगळ्या इन्स्टन्सचं मिळून आहे बरं का, प्रत्येकाचं नाही. ते सुरुवात करायला म्हणून घे आणि तिथून मोजत जा. दुसरं गणित लिटलच्या नियमाचं (येण्याचा वेग गुणिले धरून ठेवायचा वेळ), सेकंदाला १५० रिक्वेस्ट येत असतील आणि प्रत्येक रिक्वेस्ट कनेक्शन २० मिलिसेकंद धरत असेल तर सरासरी ३ कनेक्शन वापरात असतात. तीन! मग ५० असूनही का अडकतं? कारण कुठेतरी कनेक्शन गरजेपेक्षा फार जास्त वेळ धरलं जातं आहे, आणि ते शोधणं हे खरं काम.

शोधायचं कसं तर हिकारीची लीक-डिटेक्शन-थ्रेशोल्ड मुळात बंद असते, ती थोडे दिवस ५ सेकंदांवर ठेव, कोणत्या ओळीने कनेक्शन घेतलं आणि सोडलं नाही त्याचा स्टॅक ट्रेस लॉगमध्ये येईल. बहुतेक वेळा दोन गोष्टी सापडतात. एक, ट्रान्झॅक्शनल मेथडच्या पोटात बाहेरच्या एपीआयला कॉल, पेमेंट गेटवे, एसएमएस, असं काहीतरी, समोरून उत्तर येईपर्यंत कनेक्शन हातात धरून बसलेलं. दोन, स्प्रिंग बूटमध्ये ओपन-इन-व्ह्यू (रिक्वेस्ट संपेपर्यंत डेटाबेसचं सेशन उघडं ठेवणारी सेटिंग) मुळात चालू असतं, त्यामुळे एकदा क्वेरी केली की रिस्पॉन्स पूर्ण जाईपर्यंत कनेक्शन सुटत नाही असं होऊ शकतं. ते फॉल्स कर, काही ठिकाणी लेझी लोडिंगचे (डेटा लागेल तेव्हाच आणायचा त्याचे) एरर येतील, ते नीट सोडव.

अजून एक बघ, रिक्वायर्स-न्यू (चालू ट्रान्झॅक्शन थांबवून आत नवं वेगळं उघडणं) कुठे वापरलं आहे का. तिथे एकाच थ्रेडला एकाच पूलमधून एकाच वेळी दोन कनेक्शन लागतात. पूल १० चा आणि थ्रेड १० असले आणि प्रत्येकाने एकेक धरून दुसरं मागितलं की सगळे एकमेकांची वाट बघत ३० सेकंद उभे राहतात आणि मग टाइमआउट. दहा थ्रेड आणि प्रत्येकी दोन कनेक्शन असतील तर किमान ११ चा पूल लागतो, मग निदान एकाचं तरी काम पुढे सरकतं. व्हर्च्युअल थ्रेडने हे अजून उघडं पडतं, कारण आधी टॉमकॅट या वेब सर्व्हरचे २०० थ्रेड म्हणजे आपोआप एक मर्यादा होती, आता हजारो थ्रेड येऊन पूलच्या दारात उभे राहतात, डेटाबेस तेवढाच आहे.

प्रश्न: सर, धरमपेठेतल्या एका ऑफिसचं जुनं अ‍ॅप आहे, टॉमकॅटवर, डेटासोर्स कॉन्टेक्स्ट.एक्सएमएलमध्ये. रोज सकाळी पहिल्या एक-दोन जणांना 'कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर' येतं, मग दिवसभर ठीक. सोमवारी तर हमखास. दोन डेटाबेस आहेत पण असं फक्त मायएसक्यूएलचंच होतं. (धरमपेठ)

उत्तर: मायएसक्यूएलची वेट-टाइमआउट डीफॉल्ट २८,८०० सेकंद असते, म्हणजे ८ तास. संध्याकाळी ऑफिस सुटलं, रात्रभर कनेक्शन रिकामं पडलं, मायएसक्यूएलने आपल्या बाजूने ते तोडून टाकलं, आणि पूलला हे माहीतच नाही, सकाळी तो तेच मेलेलं कनेक्शन पहिल्या माणसाला काढून देतो. सोमवारी हमखास का ते आता कळलंच असेल. दुसरा डेटाबेस रिकामं कनेक्शन असं तोडत नसेल म्हणून त्याचं काही होत नाही.

टॉमकॅटच्या जुन्या डीबीसीपी या पूलमध्ये व्हॅलिडेशन-क्वेरी दिली नाही तर कनेक्शन द्यायच्या आधी तपासणी होतच नाही, म्हणून टेस्ट-ऑन-बॉरो चालू ठेवा आणि क्वेरी म्हणून 'सिलेक्ट १' द्या. दुसरा डेटाबेस ओरॅकल असेल तर तिथे 'सिलेक्ट १ फ्रॉम ड्युअल' द्या, जुन्या ओरॅकलला नुसतं 'सिलेक्ट १' चालत नाही. टॉमकॅट ७ वरून ८ वर आला असाल तर एक नक्की तपासा, डीबीसीपी २ मध्ये मॅक्स-अ‍ॅक्टिव्हचं मॅक्स-टोटल झालं आणि मॅक्स-वेटचं मॅक्स-वेट-मिलिस, जुनी नावं तशीच राहिली असतील तर तुम्ही दिलेले आकडे लागूच झालेले नाहीत, मग पूल ८ चा आणि वाट बघायला काही मर्यादाच नाही. हिकारीवर गेलात तर मॅक्स-लाइफटाइम (एका कनेक्शनचं जास्तीत जास्त आयुष्य) ३० मिनिटं असते, ती बदलायची गरज फक्त मधल्या फायरवॉलची मर्यादा त्याहून कमी असेल तर पडते.

प्रश्न: नमस्कार, आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. एका संस्थेच्या ४० शाखा, प्रत्येक शाखेचा वेगळा डेटाबेस, आणि अ‍ॅबस्ट्रॅक्टराउटिंगडेटासोर्स लावून लॉगिन केलेल्या माणसाच्या शाखेवरून डेटाबेस निवडला जातो. क्वचित, अगदी क्वचित, एका शाखेच्या माणसाला दुसऱ्या शाखेचा खातेदार दिसतो. लोकल मशीनवर एकदाही झालं नाही. (हिंगणा रोडवरून एक ताई)

उत्तर: ताई, हे क्वचित होत असलं तरी सगळं काम बाजूला ठेवून आधी हेच करा, लोकांच्या ठेवींचा मामला आहे.

शाखेचा कोड तुम्ही थ्रेडलोकलमध्ये (त्या थ्रेडपुरत्या जागेत) ठेवत असाल. टॉमकॅटचे थ्रेड परत परत वापरले जातात, रिक्वेस्ट संपताना तो कोड काढून टाकला नाही तर पुढच्या रिक्वेस्टला तो तसाच शिल्लक मिळतो, आणि त्या रिक्वेस्टने स्वतःचा कोड लावला नाही, समजा लॉगिनच्या आधीचा एखादा कॉल आहे किंवा फिल्टरमध्ये मधातच एक्सेप्शन आलं, तर तिला मागच्या माणसाची शाखा मिळते. लोकलला तुम्ही एकट्याच, एकाच शाखेच्या लॉगिनने तपासता म्हणून दिसत नाही. कोड लावायचा तो ट्राय ब्लॉकच्या बाहेर आणि काढायचा तो फायनलीमध्ये, रिमूव्ह करून, नल सेट करून नाही. असिंक मेथड असतील तर तिथे थ्रेडच दुसरा असतो, कोड आपोआप जात नाही, टास्क-डेकोरेटर लावून तो पाठवा आणि तिथेही शेवटी काढा.

दुसरं, डेटाबेस कोणता हे क्वेरीच्या वेळी ठरत नाही, कनेक्शन घेतलं जातं तेव्हा ठरतं. ट्रान्झॅक्शन सुरू झाल्यावर आत कोड बदलला तर काहीही होणार नाही, जुनीच शाखा राहील. हेड ऑफिसच्या रिपोर्टमध्ये एका मेथडमध्ये फिरून फिरून चाळीस शाखा वाचत असाल तर प्रत्येक शाखेचं ट्रान्झॅक्शन वेगळं हवं.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. डीफॉल्ट टार्गेट डेटासोर्स (शाखा ठरली नाही तर वापरायचा) लावलेला असेल तर काढून टाका. लेनियंट-फॉलबॅक (अनोळखी कोड आला तर डीफॉल्टवर जायची मुभा) फॉल्स केलं की झालं असं बरेच जण समजतात, पण कोडच नल आला तर ते फॉल्स असलं तरी डीफॉल्टवरच जातं. डीफॉल्ट नसेल तर सरळ एक्सेप्शन येतं, आणि इथे एक्सेप्शन येणं हे चुकीचा खातेदार दिसण्यापेक्षा हजारपट चांगलं. अ‍ॅप सुरू होताना हायबरनेटला डायलेक्ट (त्या डेटाबेसची एसक्यूएलची बोली) ओळखायला कनेक्शन लागतं तिथे अडेल, तेव्हा डायलेक्ट हाताने द्या आणि मेटाडेटा वाचणं बंद करा. याच्यावर अजून एक कडी म्हणून प्रत्येक शाखेच्या डेटाबेसमध्ये एका ओळीचं टेबल ठेवा ज्यात शाखेचा कोड आहे, आणि पैशाच्या नोंदी करायच्या आधी तो लॉगिनच्या शाखेशी जुळतो का बघा. एक क्वेरी वाढेल, वाढू द्या.

आणि ४० पूल गुणिले डीफॉल्ट १० म्हणजे प्रत्येक इन्स्टन्सचे ४०० कनेक्शन. शाखा लहान आहेत, मॅक्झिमम ३ आणि मिनिमम आयडल ० ठेवा. सगळे डेटाबेस एकाच मायएसक्यूएल सर्व्हरवर असतील तर त्याची डीफॉल्ट मर्यादा १५१ आहे हेही लक्षात असू द्या.

प्रश्न: भाऊ, आमचा रिपोर्टचा डेटाबेस स्लो झाला की सगळं अ‍ॅपच बंद पडते, काउंटरची बिलिंग पण. रिपोर्टचा अन् बिलिंगचा काय संबंध? (बर्डीहून)

उत्तर: पूल वेगळे आहेत पण टॉमकॅटचे थ्रेड एकच आहेत. रिपोर्टच्या पूलमध्ये कनेक्शन शिल्लक नाही म्हणून एकेक थ्रेड ३० सेकंद वाट बघतो, हिकारीची कनेक्शन-टाइमआउट मुळात तेवढी असते, आणि लोक रिफ्रेश दाबत राहतात, बघता बघता २०० च्या २०० थ्रेड तिथेच अडकतात, बिलिंगच्या रिक्वेस्टला थ्रेडच मिळत नाही. रिपोर्टच्या पूलची टाइमआउट २-३ सेकंदांवर आणा, रिपोर्टच्या क्वेरीला क्वेरी टाइमआउट लावा, आणि एका वेळी किती रिपोर्ट चालतील याला सेमाफोर लावून मर्यादा घाला.

अजून एक जागा तपासा. लोड बॅलन्सर अ‍ॅक्च्युएटरचा हेल्थ यूआरएल (अ‍ॅप ठीक आहे का ते सांगणारा पत्ता) बघत असेल तर त्यात सगळ्या डेटासोर्सची तपासणी एकत्र असते, एक डाउन म्हणजे सगळं डाउन, ५०३ जातो आणि लोड बॅलन्सर चांगले चालणारे इन्स्टन्स पण काढून टाकतो. त्यासाठी हेल्थ ग्रुप करून त्यात फक्त बिलिंगचा डेटाबेस ठेवा, रिपोर्टच्या डेटाबेसचा अलर्ट वेगळा पाठवा. आणि रिपोर्टचा डेटाबेस बंद असताना अ‍ॅप रिस्टार्ट केलं तर ते उठलं पाहिजे, त्या पूलची इनिशियलायझेशन-फेल-टाइमआउट उणे १ करा आणि एकदा रिपोर्टचा डेटाबेस मुद्दाम बंद ठेवून, रात्री दुकान बंद झाल्यावर, रिस्टार्ट करून बघून घ्या की बिल निघतं का.